क्विंटिन्सहिल, १९१५: विसरलेली गाडी आणि लिव्हरवर न चढलेलं कडं

२२ मे १९१५च्या सकाळी स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, ग्रेटना गावाजवळच्या क्विंटिन्सहिल सिग्नल केबिनसमोर मिनिटभराच्या अंतराने दोन टकरी झाल्या आणि नंतर आग लागली. सुमारे २२६ माणसं गेली. ब्रिटनच्या रेल्वेवर एवढी जीवितहानी दुसऱ्या कुठल्याच अपघातात झालेली नाही. कारण विचारलं की एका ओळीत उत्तर मिळतं: सिग्नलमन उभी असलेली गाडी विसरला. उत्तर खरं आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. माणूस विसरतो हे रेल्वेला तेव्हा चांगलं ठाऊक होतं. त्यावरचे उपाय नियमपुस्तकात छापलेले होते आणि केबिनमध्ये हाताच्या अंतरावर ठेवलेले होते. ते एकामागून एक कसे गळत गेले, हे बघायला हवं.

आधी जागा समजून घेऊ. कॅलेडोनियन रेल्वेची कार्लाइलहून ग्लासगोकडे जाणारी दुहेरी लाइन. उत्तरेकडे ग्लासगोला जाणारी डाउन, दक्षिणेकडे कार्लाइल-लंडनला जाणारी अप. क्विंटिन्सहिलला स्टेशन नव्हतं. एक केबिन (लिव्हर ओढून सिग्नल आणि रूळ बदलणारे पॉइंट चालवायची खोली), दोन्ही बाजूंना एकेक लूप (गाडी बाजूला उभी करायचा जादा रूळ) आणि अप-डाउन मेन लाइन जोडणारा एक क्रॉसओव्हर, एवढंच. दक्षिणेची शेजारची केबिन ग्रेटना जंक्शन, उत्तरेची कर्कपॅट्रिक.

लंडनहून रात्री सुटलेल्या दोन एक्स्प्रेस कार्लाइलहून पहाटे ५:५० आणि ६:०५ला निघायच्या आणि त्यांच्यामागून ६:१०ची पॅसेंजर. एक्स्प्रेसना उशीर असेल तर पॅसेंजर आधी सोडायची आणि वाटेत बाजूला घेऊन एक्स्प्रेस पुढे काढायच्या. ही बाजूला घेण्याची जागा बरेचदा क्विंटिन्सहिल असे. त्या दिवशी दोन्ही एक्स्प्रेस उशिरा होत्या आणि डाउन लूपमध्ये एक मालगाडी आधीच येऊन उभी होती. त्यामुळे पॅसेंजर क्रॉसओव्हरवरून मागे ढकलून अप मेन लाइनवर घेतली गेली. म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली गाडी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रुळावर. वेळ ६:३३. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण यात नियमबाह्य काही नव्हतं. अशी हालचाल तिथे आधीही होत असे आणि ती सुरक्षितपणे कशी करायची हे ठरलेलं होतं. लगेचच रिकाम्या कोळसा वॅगनची एक गाडी अप लूपमध्ये आली. आता चार रुळांपैकी मोकळा फक्त डाउन मेन, एक्स्प्रेससाठी.

केबिनमध्ये त्या वेळी दोन सिग्नलमन होते. रात्रपाळीचा जॉर्ज मीकिन आणि दिवसपाळीचा जेम्स टिन्सली. पाळी सहाला बदलायची. पण सहाला पोचायचं तर टिन्सलीला ग्रेटनाहून दीडेक मैल चालत यावं लागे. पॅसेंजर क्विंटिन्सहिलला थांबणार असेल तर ग्रेटना जंक्शनच्या केबिनमधून त्याला ते कळे आणि तो त्याच गाडीने साडेसहाच्या सुमारास येई. हा आपापसातला समझोता होता. नोंदवहीत हे दिसू नये म्हणून मीकिन सहानंतरच्या नोंदी वहीत न करता सुट्या कागदावर लिहून ठेवी आणि टिन्सली आल्यावर त्या आपल्या हाताने वहीत उतरवी. सहाच्या ठोक्याला अक्षर बदललं की कागदोपत्री पाळी वेळेवर बदलली.

या समझोत्याची खरी किंमत अर्ध्या तासाचा उशीर ही नाही. तो अर्धा तास मीकिन जागेवर होता आणि काम नीट चाललं होतं. किंमत पुढच्या वीस मिनिटांत आहे. नवा माणूस कामावर आला की त्याने आधी सगळे रूळ डोळ्यांनी बघायचे, ब्लॉक यंत्रांच्या (शेजारच्या केबिनपर्यंतची लाइन मोकळी की अडलेली ते दाखवणाऱ्या) सुया बघायच्या, कुठली गाडी कुठे उभी आहे हे जाणाऱ्याकडून तोंडी ऐकायचं आणि मग लिव्हरला हात लावायचा. टिन्सली आला तो थेट कागदावरून वहीत मजकूर उतरवायला बसला. त्याची मान खाली होती. डोक्यात ६:१०पासूनच्या गाड्या होत्या, समोर मात्र ६:३५ची परिस्थिती उभी होती. मीकिन टिन्सलीने आणलेलं वर्तमानपत्र वाचत बसला. उभ्या मालगाड्यांचे गार्ड केबिनमध्ये येऊन युद्धाच्या बातम्यांवर बोलत होते. पाळी कोणाची चालू आहे, हे त्या खोलीत त्या क्षणी कोणालाच नेमकं सांगता आलं नसतं.

आता ६:३४चं मिनिट जरा जवळून बघू, कारण सगळं त्यात घडलं आहे.

कोळसा वॅगनची गाडी लूपमध्ये येण्याआधी अप होम सिग्नलबाहेर (केबिनकडे येणाऱ्या गाडीला थोपवणाऱ्या सिग्नलबाहेर) उभी होती. तोवर कर्कपॅट्रिक ते क्विंटिन्सहिल या अप सेक्शनच्या, म्हणजे दोन केबिनमधल्या टप्प्याच्या, ब्लॉक यंत्रावर ‘ट्रेन ऑन लाइन’ होतं, त्यामुळे कर्कपॅट्रिकला दुसरी गाडी सोडताच येत नव्हती. म्हणजे अप मेनवर उभ्या पॅसेंजरचं रक्षण तोपर्यंत, कोणी न ठरवता, ती मालगाडीच करत होती. ती लूपमध्ये पूर्ण आली, मेन लाइनचे पॉइंट पूर्ववत झाले आणि कर्कपॅट्रिकला ‘ट्रेन आउट ऑफ सेक्शन’ची घंटा गेली. ही घंटा कोणी दिली यावर पुढे दोघांचं एकमत झालं नाही. पण घंटा गेली, यंत्र मोकळं झालं आणि त्याच क्षणी पॅसेंजरवरचं पांघरूण निघून गेलं.

नियमाप्रमाणे याच्या लगेच पुढची घंटा ‘ब्लॉक बॅक’ची हवी होती. तिचा अर्थ एवढाच: माझ्या होम सिग्नलच्या आत लाइन अडलेली आहे, मला गाडी विचारू नकोस, म्हणजे पाठवायची परवानगी मागू नकोस. ही घंटा देऊन यंत्र अडवलेल्या स्थितीत ठेवलं की कर्कपॅट्रिकच्या माणसालाही ते दिसतं आणि आपल्यालाही. ती दिली गेली नाही.

दुसरा उपाय लिव्हर कॉलर. हे एक साधं लोखंडी कडं असतं. अडलेल्या लाइनच्या सिग्नल लिव्हरच्या मुठीवर ते सरकवून ठेवायचं. ते असताना मुठीजवळची चाप दाबता येत नाही, आणि चाप दाबल्याशिवाय लिव्हर खाचेतून सुटत नाही. बसवायला दोन सेकंद लागतात. त्यात वीज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. कामाच्या घाईत गाडी विसरलेला माणूस सिग्नल द्यायला लिव्हरकडे गेला की त्याच्या हाताला कडं लागतं आणि डोक्याला आठवण होते. क्विंटिन्सहिलला कॉलर होत्या आणि त्या दिवशी त्यांतली एकही लावलेली नव्हती. त्या केबिनमध्ये त्या नियमित वापरण्याची सवयच उरली नव्हती.

कॉलरबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ती आठवण देते, पण ती लावणं स्वतः आठवणीवर अवलंबून असतं. ज्या माणसाचं लक्ष उडालं आहे त्याचं कॉलरवरूनही उडणार. म्हणून ‘गाडी विसरण्याची शक्यता वाटली तर कॉलर लावा’ असं शिकवणं निरुपयोगी आहे. तसं कोणालाच कधी वाटत नाही. कॉलर हालचालीलाच बांधायची. क्रॉसओव्हरचा लिव्हर परत नॉर्मल केला की तोच हात पुढे जाऊन होमच्या लिव्हरवर कडं चढवणार, मग घंटा, मग वहीत नोंद. दरवेळी याच क्रमाने, गाडी दोन मिनिटं उभी राहणार असो की वीस. गाडी समोर खिडकीतून दिसते आहे, मग कशाला, हा विचारच धोक्याचा. ती पॅसेंजरही खिडकीतून दिसत होती. टिन्सली स्वतः तिच्यातून उतरून आला होता.

तिसरा उपाय बाहेरून येणारा होता, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नियम ५५. मेन लाइनवर गाडी उभी राहिली की इंजिनवरच्या माणसाने, बहुतेक वेळा फायरमनने, केबिनमध्ये जायचं, सिग्नलमनला गाडीची आठवण द्यायची, नोंदवहीत सही करायची आणि सिग्नलच्या लिव्हरवर कॉलर आहे याची खात्री करून घ्यायची. म्हणजे सिग्नलमनच्या विसरण्याला एक असा माणूस आडवा येतो जो विसरणं शक्य नाही, कारण त्याचं स्वतःचं इंजिन त्या रुळावर आहे. पॅसेंजरचा फायरमन जॉर्ज हचिन्सन केबिनमध्ये गेला, त्याने सही केली आणि तो परत इंजिनवर आला. लिव्हरकडे त्याने बघितलं नाही.

बघण्याच्या कामाला सही जोडलेली असली की काही महिन्यांत सहीच काम होऊन बसते. सही राहिली तर वहीत जागा रिकामी दिसते आणि कोणीतरी विचारतं. बघणं राहिलं तर कुठेच काही दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे: सहीऐवजी अशी नोंद मागायची जी बघितल्याशिवाय लिहिताच येणार नाही. कुठल्या क्रमांकाच्या लिव्हरवर कॉलर आहे तो क्रमांक फायरमनने स्वतः वाचून लिहायचा. आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये किंवा स्टेशन आणि गेट यांच्यामध्ये प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते, त्यामागचं तत्त्व हेच. समोरच्याने सांगितलेला आकडा लिहून घ्यावा लागतो, नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही.

पुढचं फार वेगाने घडलं. ६:३८ला पहिली एक्स्प्रेस डाउन मेनवरून सुखरूप गेली. ६:४२ला कर्कपॅट्रिकने एक खास गाडी विचारली आणि टिन्सलीने ती लगेच घेतली. रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनचे सुमारे ५०० सैनिक लार्बर्टहून लिव्हरपूलकडे, तिथून जहाजाने तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर निघाले होते. पुढे ग्रेटना जंक्शनकडून लाइन क्लिअर (गाडी सोडायची परवानगी) मिळाली आणि टिन्सलीने अपचे सगळे सिग्नल दिले. ६:५०च्या सुमारास सैनिकांची गाडी पॅसेंजरच्या इंजिनावर समोरासमोर आदळली. १९५ मीटर लांबीची गाडी सुमारे ६० मीटरमध्ये चेचली गेली. डबे उडून डाउन मेनवर पडले, आणि त्याच लाइनवर दुसरी एक्स्प्रेस येत होती. तिला थांबवायला पॅसेंजरचा गार्ड रुळांवरून धावत गेला, ड्रायव्हरने ब्रेक लावले, पण अंतर पुरलं नाही. पहिल्या टकरीनंतर जेमतेम मिनिटभरात ती ढिगाऱ्यात घुसली.

बळी एवढे गेले त्याचं कारण नुसती टक्कर नाही. सैनिकांच्या गाडीचे डबे जुने, लाकडी होते आणि दिवे गॅसचे. दाबाखाली भरलेल्या गॅसच्या टाक्या डब्यांखाली होत्या, प्रवासाआधी नुकत्याच भरलेल्या. इंजिनांतले निखारे आणि फुटलेल्या टाक्या एकत्र आल्या. आग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धुमसत होती. बटालियनची हजेरी-यादीही त्यात जळाली, त्यामुळे मृतांचा नेमका आकडा आजही सांगता येत नाही. जखमी २४६ होते, आणि दुपारच्या हजेरीला त्या गाडीतले साठेक सैनिकच उभे राहू शकले.

यात नवीन असं काही नव्हतं, हे मला सर्वांत जास्त खुपतं. २४ डिसेंबर १९१०ला, इंग्लंडमध्ये हॉज जंक्शनला, सिग्नलमन स्टार्टर (गाडीला पुढच्या सेक्शनमध्ये सोडणाऱ्या) सिग्नलपाशी उभी असलेली दोन सुटी इंजिनं विसरला होता. मागून येणाऱ्या एक्स्प्रेससाठी त्याने सिग्नल दिला, इंजिनवाल्यांना तो आपलाच वाटला, ते निघाले आणि एक्स्प्रेसने त्यांना गाठलं. त्या इंजिनवरूनही नियम ५५ प्रमाणे कोणी केबिनमध्ये गेलं नव्हतं. तिथेही गॅसच्या दिव्यांनी आग लागली, १२ जण गेले. विसरलेली गाडी, न पाळलेली आठवण आणि गॅस हे तिन्ही पाच वर्षांआधीच चौकशीत येऊन गेलं होतं.

क्विंटिन्सहिलच्या केबिनमध्ये इंटरलॉकिंग (धोक्याची जुळणी होऊ नये म्हणून लिव्हर एकमेकांना अडकवणारी यंत्रणा) होतं, मग त्याने कसं अडवलं नाही, असा प्रश्न नवख्याला पडतो आणि तो रास्त आहे. यांत्रिक इंटरलॉकिंगला लिव्हर कळतात, गाडी कळत नाही. क्रॉसओव्हर उलटा असताना अपचा होम सिग्नल देता येत नाही, एवढं ते सांभाळतं. पॅसेंजर अप मेनवर पूर्ण गेली आणि क्रॉसओव्हर नॉर्मल झाला की लोखंडाच्या त्या पट्ट्यांच्या लेखी रूळ मोकळा.

गाडी कळण्यासाठी ट्रॅक सर्किट लागतं. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जॉइंटने वेगळा करायचा, एका टोकाला बॅटरीचा कमी दाबाचा प्रवाह द्यायचा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाहावर चालणारी कळ. रूळ मोकळा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोचून ती उचललेली राहते. गाडीची चाकं आणि ॲक्सल दोन रुळांना जोडतात, प्रवाह तिथूनच फिरतो, रिले पडते आणि तिच्याशी जोडलेलं कुलूप सिग्नलचा लिव्हर धरून ठेवतं. वायर तुटली, बॅटरी उतरली तरी रिले पडतेच, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला जातो. अपवाद आहेत. रूळ गंजलेले असले, रुळावर वाळू साचली किंवा वाहन फार हलकं असलं तर चाकांचा संपर्क नीट होत नाही आणि गाडी असून रूळ मोकळा दिसू शकतो. क्वचित वापरल्या जाणाऱ्या लूपवर याचीच काळजी घ्यावी लागते. उलट पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या खडीतून प्रवाह झिरपला तर गाडी नसताना रिले पडते. हा त्रास सुरक्षित असतो, पण रोज झाला की माणसं यंत्रावर विश्वास ठेवायचं सोडून देतात, आणि तेही धोक्याचंच.

बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्याच्या वतीने चौकशी करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल ड्रुइट यांनी दोन्ही सिग्नलमनना दोषी धरलं. ट्रॅक सर्किट असतं तर हा अपघात झाला नसता, हेही मांडलं गेलं. पण साधी मांडणी, दोन लूप, केबिनमधून सगळं दिसतं, अशा जागेला खर्चाच्या यादीत वरचा क्रमांक मिळत नाही. सप्टेंबर १९१५मध्ये एडिनबरोच्या न्यायालयात टिन्सलीला ३ वर्षांची आणि मीकिनला १८ महिन्यांची शिक्षा झाली, हचिन्सन सुटला. १९१६ संपायच्या आत दोघंही तुरुंगातून बाहेर होते.

आपल्या रेल्वेचं ब्लॉक वर्किंग याच घराण्यातलं आहे. लाइन क्लिअर, ट्रेन रजिस्टर, लिव्हर कॉलर, होमला अडकलेल्या गाडीने शिटी देऊन शेवटी माणूस पाठवणं, सगळं तिथून आलेलं. शेवटच्या डब्याला लावलेली एलव्हीची (‘लास्ट व्हेइकल’) पाटी प्रवाशांनी पाहिलेली असते. ती डोळ्यांनी बघून, म्हणजे गाडी पूर्ण आली याची खात्री करूनच ‘ट्रेन आउट ऑफ सेक्शन’ द्यायचं असतं. २० ऑगस्ट १९९५ला फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस नीलगायीला धडकून मध्येच उभी राहिली. ती पुढे निघून गेली आहे का, हे न बघता मागच्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला त्याच लाइनवर येऊ दिलं गेलं. तीनशेहून अधिक माणसं गेली. क्विंटिन्सहिलनंतर ऐंशी वर्षांनी.

आता केबिन गेल्या, बटणांनी सिग्नल-पॉइंट चालवायचे पॅनेल आले, बऱ्याच सेक्शनमध्ये ॲक्सल काउंटर आले. आत गेलेले ॲक्सल आणि बाहेर पडलेले ॲक्सल जुळले तर सेक्शन मोकळा. यात माणसाची आठवण लागत नाही, पण माणूस पूर्ण बाहेरही गेलेला नाही. मोजणी चुकली की काउंटर रीसेट करावा लागतो, आणि रीसेट म्हणजे ‘आत गाडी नाही’ असं माणसाने यंत्राला सांगणं. ते सांगण्याआधी शेवटची गाडी पूर्ण बाहेर पडल्याचं दुसऱ्या टोकाकडून प्रायव्हेट नंबरसह घ्यायचं असतं. रात्री तीन वाजता, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असताना, हा फोन ‘झालं असणार’ म्हणून गाळला गेला तर आपण परत ६:३४वर येऊन उभे राहतो. २ जून २०२३ला बालासोरजवळ बहानगा बाजारला सिग्नल मेन लाइनचा मिळाला आणि पॉइंट लूपचा होता. तिथे चूक पॅनेलवर बसलेल्या माणसाची नव्हती, सिग्नलच्या वायरिंगच्या कामातली होती. दुरुस्ती झाल्यावर पॉइंट प्रत्यक्ष कुठे लागला आहे ते रुळावर जाऊन बघायचं आणि पॅनेलवरच्या दिव्याशी ताडून घ्यायचं, हे काम फायरमनने लिव्हरकडे बघण्याइतकंच कंटाळवाणं आहे आणि तेवढंच गरजेचं.

राहता राहिली पाळी बदलण्याची गोष्ट. क्विंटिन्सहिलचा समझोता ग्रेटना जंक्शनच्या केबिनला माहीत असल्याशिवाय चालणारच नव्हता. वरच्यांना तो कळला नाही, कारण तपासणी होत होती ती वहीची. वही तपासून काहीच सापडलं नसतं. अक्षर सहाला बदलत होतं, नोंदी सुवाच्य होत्या. सुपरवायझरने वहीपेक्षा वेळेवर लक्ष द्यावं. पाळी बदलण्याच्या आधी दहा मिनिटं न सांगता जाऊन उभं राहावं, आलेला माणूस आधी कशाकडे बघतो ते पाहावं, शेवटच्या पाच नोंदींची शाई आणि अक्षर एका बैठकीतलं वाटतंय का ते बघावं, लिव्हरच्या कॉलरवर धूळ आहे की हात लागून त्या गुळगुळीत झाल्या आहेत ते तपासावं. आणि माणूस वेळेवर का येऊ शकत नाही हेही विचारावं. दीड मैल चालायचं नसेल तर गाडीच्या वेळेशी पाळीची वेळ जुळवून देता येते. सहाऐवजी साडेसहा अशी एक ओळ कॅलेडोनियनच्या ड्युटी-पत्रकात घातली असती, तर मीकिनने त्या अर्ध्या तासाच्या नोंदी स्वतः वहीत केल्या असत्या, आणि ६:४२ला टिन्सलीसमोर उतरवून घ्यायला कुठला कागद नसता.